बुद्धिबळाचे भाष्यकार

बुद्धिबळाचा डाव संपतो, मोहरी पेटीत पडतात, खेळाडू हात मिळवून उठतात. आणि तीन-चार तास चाललेल्या त्या झुंजीची मागे एकच खूण उरते, ती म्हणजे खेळ्या टिपून ठेवलेला एक कागद. त्या कागदावर काय असते? कोणते मोहरे कोणत्या घरी गेले, एवढेच. खेळाडूला कोणती भीती वाटली, कोणता मोह त्याने आवरला, कोठे त्याची गणना चुकली आणि ती चूक प्रतिस्पर्ध्याच्याही नजरेतून कशी निसटली, यांपैकी एकही गोष्ट त्या कागदावर नसते. चाळीस खेळ्यांचा डाव पाच मिनिटांत पटावर मांडून पाहता येतो. पण पाहणारा पुष्कळदा हात हालवतो आणि रिकाम्या मनाने उठतो. आपल्याकडील सूत्रग्रंथांची गोष्ट अशीच आहे. पाणिनीची सूत्रे नुसती पाठ करणाऱ्याला ती आली असे म्हणवत नाही; पतंजलीच्या महाभाष्याचा हात धरावा, तेव्हा सूत्रामागचा विचार उलगडू लागतो. बुद्धिबळाच्या डावालाही असा भाष्यकार लागतो.

‘टीका’ या शब्दाला आज दोष दाखविण्याचा अर्थ चिकटला आहे. मूळचा अर्थ मात्र अवघड ग्रंथ उकलून दाखविणारे स्पष्टीकरण असा आहे, आणि त्याच अर्थाने ज्ञानेश्वरीला गीतेवरील टीका म्हणतात. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने स्वतःवर दोन बंधने घालून घेतली होती. ज्याला आधार नाही असे काही लिहावयाचे नाही, आणि ज्याची गरज नाही असेही काही लिहावयाचे नाही. बुद्धिबळाच्या डावावर लिहिणाऱ्याला याहून वेगळी कसोटी लावण्याचे कारण नाही. पहिले बंधन मोडणारा लेखक खोटे लिहितो. दुसरे मोडणारा वाचकाला कंटाळा आणतो. दोन्ही पाळणारे थोडे, आणि म्हणूनच बुद्धिबळप्रेमी मंडळी त्यांची नावे मोठ्या खेळाडूंच्या नावांइतक्याच आदराने घेतात.

डावाखाली टीपा देण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे चिन्हांची. चांगल्या खेळीपुढे उद्गारचिन्ह, चुकीच्या खेळीपुढे प्रश्नचिन्ह. फारच उत्तम असेल तर दोन उद्गारचिन्हे, घोडचूक असेल तर दोन प्रश्नचिन्हे. 1966 मध्ये बेलग्रेड येथून ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ नावाचे प्रकाशन निघू लागले. त्याने ही रीत पुष्कळ पुढे नेली. शब्द जवळजवळ नाहीत. आहेत ती केवळ चिन्हे. त्यामुळे रशियन, स्पॅनिश, इंग्रजी किंवा मराठी बोलणाऱ्या खेळाडूला तेच पान सारखेच वाचता येते. जाणत्या खेळाडूची यामुळे मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु शिकणाऱ्याला उद्गारचिन्ह काय सांगते? खेळी चांगली आहे, एवढेच. ती का चांगली आहे, हे विचारण्यासाठीच तर त्याने पुस्तक उघडलेले असते.

हे ‘का’ प्रथम ठासून सांगणारा लेखक म्हणजे फ्रान्समधील फिलिडोर. तो पेशाने संगीतकार होता, त्याने रचलेल्या संगीतिका रंगभूमीवर गाजल्या. तरी त्याचे नाव आज विशेषतः बुद्धिबळामुळे टिकून आहे. 1749 मध्ये लंडन येथे त्याचा फ्रेंच भाषेतील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकांत बहुधा चतुर सापळे आणि चटकदार हल्ले असत. अमुक खेळावे, मग तमुक खेळावे, की मात झाली. फिलिडोरने खेळ्यांबरोबर त्यांची कारणे लिहिली. त्याची दृष्टी सैन्यातील सर्वांत हलक्या शिपायावर, म्हणजे प्याद्यांवर होती. प्यादी कशी उभी आहेत, ती एकमेकांना आधार देतात की नाही, यावर साऱ्या डावाचे जीवित अवलंबून असते, असे त्याने मांडले. वजीर व हत्ती यांच्या पराक्रमाने दिपलेल्या काळात हे म्हणणे नवलाचेच होते. आज त्याच्या सगळ्या टीपा कोणी प्रमाण मानणार नाही. पण खेळीला कारण द्यावे लागते, ही गोष्ट त्याच्यापासून रूढ झाली.

चांगले भाष्य कसे असते हे एखाद्या प्रत्यक्ष डावावरूनच कळते. 1858 मध्ये पॅरिस येथे खेळला गेलेला एक लहानसा डाव त्यासाठी घेण्यासारखा आहे. न्यू ऑर्लिअन्स येथून आलेला पॉल मॉर्फी हा एकवीस वर्षांचा तरुण तेव्हा युरोपातील नामांकित खेळाडूंना हरवीत होता. ब्रुन्सविकच्या ड्यूकने त्याला संगीतिकेला नेले आणि नाट्यगृहातील आपल्या सज्जातच पट मांडला. एका बाजूला मॉर्फी. दुसऱ्या बाजूला ड्यूक आणि त्यांचे स्नेही काउंट इझुआर, दोघे विचारविनिमय करून खेळणारे. रंगमंचावर गाणे चालले होते आणि इकडे सतरा खेळ्यांत डाव आटोपला.

या डावाची सोळावी खेळी सर्वांच्या तोंडी आहे. मॉर्फीने आपला वजीर शत्रूच्या घोड्यापुढे सरळ देऊन टाकला. घोड्याने तो घेताच मोकळ्या झालेल्या पट्टीवरून हत्ती शेवटच्या ओळीत उतरला आणि मात झाली. सामान्य टीपाकार येथे दोन उद्गारचिन्हे काढतो, ‘अप्रतिम!’ असे लिहितो आणि आपले काम झाले असे समजतो. परंतु येथवर आल्यावर ती खेळी दिसणे फारसे कठीण नाही. डावाचे खरे मर्म आठव्या खेळीत आहे, आणि जाणता भाष्यकार तेथे थांबतो.

सातव्या खेळीला मॉर्फीच्या वजिराने एकाच वेळी दोन प्याद्यांवर नेम धरला होता: एक काळ्या राजाशेजारचे, दुसरे वजिराच्या बाजूचे. काळ्याने आपला वजीर राजाच्या पुढ्यात आणून पहिले प्यादे सांभाळले. दुसरे उघडेच राहिले. ते घेतले असते तर त्यामागचा हत्तीही धोक्यात येत होता. मग मॉर्फीने ते का घेतले नाही? नवशिक्याला येथे हमखास कोडे पडते, आणि भाष्याची गरज नेमकी येथेच आहे. उत्तर असे की, पांढऱ्याने प्यादे घेताच काळा आपल्या वजिराने शह देई, आणि वजिरावजिरी होऊन जाई. पांढऱ्याचे एक प्यादे जास्त राहिले असते, डावही बहुधा त्यानेच जिंकला असता. पण तो तास-दीड तास रेंगाळणारा विजय झाला असता. मॉर्फीने त्याऐवजी आपला दुसरा घोडा बाहेर काढला. काळ्याचा उंट आणि हत्ती आपापल्या मूळ घरी कोंडलेले आहेत, त्याच्या स्वतःच्याच वजिराने उंटाची वाट अडविली आहे, राजा मधोमध उभा आहे. अशा वेळी एका प्याद्यापेक्षा एक खेळी अधिक मोलाची, हा हिशेब त्या साध्या दिसणाऱ्या खेळीमागे आहे. बाराव्या खेळीला त्याने किल्लेकोट केला, तेव्हा राजा सुरक्षित झाला आणि त्याच खेळीत हत्ती हल्ल्याच्या पट्टीवर येऊन उभा राहिला. डाव संपला तेव्हा काळ्याच्या राजाच्या बाजूचे उंट आणि हत्ती एकदाही हललेले नव्हते. हे ज्याला सांगितले गेले, त्याला सोळाव्या खेळीतील वजिराचे बलिदान चमत्कार वाटत नाही. पेरलेले उगवले, असे वाटते.

आणि हरलेल्यांचे काय? नववी खेळी म्हणून ड्यूक आणि काउंट यांनी प्यादे पुढे करून पांढऱ्या उंटाला हुसकू पाहिले. मॉर्फीने तेथेच घोडा देऊन दोन प्यादी घेतली व राजाकडे जाणाऱ्या वाटा उघडल्या. या खेळीपुढे प्रश्नचिन्ह काढणे सोपे आहे. परंतु छातीवर येऊन बसलेल्या उंटाला हाकलावे असे कोणाला वाटणार नाही? ती इच्छा स्वाभाविक होती, म्हणूनच ती चूक शिकण्यासारखी आहे. निकाल आधी पाहून मग टीपा लिहिणाऱ्यांच्या हातून हा विवेक सुटतो. जिंकणाऱ्याची प्रत्येक खेळी त्यांना खोल योजनेचा भाग दिसते, हरणाऱ्याची प्रत्येक खेळी दुबळी. असले भाष्य म्हणजे वरातीमागून घोडे होय. प्रत्यक्ष डावात जिंकणाराही चाचपडत असतो आणि हरणाराही काही काळ बरोबर चाललेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत डॉ. सीगबर्ट टाराश यांनी भाष्यकार म्हणून मोठा लौकिक मिळविला. ते न्यूरेंबर्ग येथे वैद्यकी करीत. 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीनशे डावांच्या संग्रहाने त्यांनी एका पिढीला बुद्धिबळ शिकविले, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे लिहिणे स्वच्छ, ठाम आणि शिक्षकाच्या वळणाचे. पटाच्या काठावर घोडा नेऊ नये, हा त्यांचा लाडका उपदेश. त्याला आधारही आहे: पटाच्या मध्यभागी उभा असलेला घोडा आठ घरांवर मारा करतो, काठावर तो तीन किंवा चार घरांवर येतो आणि अगदी कोपऱ्यात दोनच घरे त्याच्या टाचेखाली राहतात. असा नियम एकदा कानावर पडला, की विद्यार्थी तो विसरत नाही. पण टाराश यांना आपल्या नियमांची फार खात्री होती. नियम मोडूनही जिंकलेला डाव पुढे आला, की त्यांना तो कुरूप वाटे. ॲरन निम्झोविच यांच्यासारख्या तरुण खेळाडूंशी त्यांचा वाद झाला तो याच कारणाने. आणि निम्झोविच यांनी 1925 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘माझी पद्धती’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात वेगळीच तत्त्वे मांडली. तीही तितक्याच ठामपणे मांडली, हे सांगितलेच पाहिजे. गुरुजींची छडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढेच! तरीही अगदी नवख्याने टाराश आधी वाचावेत. नियम ठाऊक नसलेल्याला अपवादाची गंमत कळत नाही.

याहून सौम्य शिक्षक म्हणजे अमेरिकेतील अर्व्हिंग चेर्नेव्ह. 1957 मधील त्यांच्या पुस्तकात तेहेतीस डाव असून प्रत्येक डावातील प्रत्येक खेळीचे स्पष्टीकरण आहे. राजापुढील प्यादे दोन घरे पुढे का टाकले, हे पुन्हा पुन्हा नव्याने सांगितले आहे. जाणत्यांना ही पुनरुक्ती जड वाटते. मुलांना वाटत नाही.

रशियन भाषेत लिहिणाऱ्या भाष्यकारांत डेव्हिड ब्रॉनस्टाइन यांचे स्थान फार वरचे आहे. 1951 मध्ये जगज्जेतेपदासाठी मिखाईल बोट्विनिक यांच्याशी झालेला त्यांचा सामना 12–12 असा बरोबरीत सुटला. नियमानुसार पद बोट्विनिक यांच्याकडेच राहिले. अर्ध्या गुणाने हुकलेले ते पद ब्रॉनस्टाइन यांना पुन्हा कधी लाभले नाही. दोन वर्षांनी, 1953 मध्ये, स्वित्झर्लंडमधील नॉयहाउझेन व झुरिक येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविण्यासाठी पंधरा खेळाडूंची स्पर्धा झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळावयाचे, म्हणजे एकूण 210 डाव. व्हॅसिली स्मिस्लॉव्ह पहिले आले. ब्रॉनस्टाइन दुसऱ्या स्थानाच्या तिघा वाटेकऱ्यांपैकी एक. या सर्व डावांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक 1956 मध्ये निघाले.

स्पर्धेची पुस्तके बहुधा नोंदवह्यांसारखी असतात. हे पुस्तक तसे नाही. ब्रॉनस्टाइन यांनी संभाव्य खेळ्यांच्या लांबच लांब मालिका देण्याचे शक्य तेथे टाळले. त्या मालिकांचे अरण्य माजले, की वाचक एखाद्या फांदीवर चढतो आणि मूळ झाड कोणते हे विसरतो. त्याऐवजी त्यांनी डावातील मुख्य कल्पना धरली. काळ्या रंगाच्या घरांची दुर्बलता म्हणजे काय, एखादा खेळाडू आपण होऊन अडचणीची जागा का पत्करतो, दोन्ही बाजूंनी एकमेकांचे बेत कसे ओळखले, हे ते गोष्ट सांगावी तसे सांगतात. याच स्पर्धेत आव्हेरबाख यांच्याविरुद्ध खेळताना कोटोव यांनी तिसाव्या खेळीला एका प्याद्याच्या मोबदल्यात वजीर देऊन टाकला. लगेच मात होत नव्हती. पांढऱ्याचा राजा मात्र आपल्या घरातून ओढला जाऊन पटाच्या मध्यावर काळ्या मोहऱ्यांच्या घोळक्यात सापडला. असल्या डावावर कोणीही रंगून लिहील. ब्रॉनस्टाइन यांचे वैशिष्ट्य असे की, ज्या डावांत वरवर पाहता काहीच घडले नाही, त्यांतही दोन मनांची ओढाताण त्यांना दिसते. जो गुण विजेत्या डावात मानावयाचा तो पराभूत डावातही मानावयाचा, ही समबुद्धी त्यांच्यापाशी होती.

मिखाईल ताल यांची तऱ्हा अगदी निराळी. लाटव्हियातील रिगा शहराचा हा खेळाडू 1960 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बोट्विनिक यांना हरवून जगज्जेता झाला. त्या सामन्यावर त्याने स्वतःच पुस्तक लिहिले. मोहरे देऊन टाकण्यात त्याचा हात सढळ. त्याची बलिदाने पुढे तपासली तेव्हा त्यांतील काही पूर्णतः अचूक नव्हती असेही आढळले. ताल यांनी ते लपविले नाही. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन एक वार्ताहर व एक बुद्धिबळपटू यांच्या संवादाच्या रूपात आहे. दोन्ही भूमिका त्यांच्याच. त्यात सांगितलेली एक हकीकत विद्यार्थ्यांना आवडण्याजोगी आहे.

1964–65 मध्ये कीव्ह येथे झालेल्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत ताल यांचा डाव वास्युकोव यांच्याशी चालला होता. पटावर मोठा गुंता होता. घोडा देऊन टाकावा असे ताल यांच्या मनात आले, पण पुढचे काही केल्या नीट दिसेना. एक वाट धरावी, तिला दहा फाटे फुटावेत, आणि मघाशी पाहिलेली वाट दुसऱ्या फाट्यावर लागू करून पाहावी तो ती तेथे निरुपयोगी ठरावी, असा घोटाळा झाला. अशा वेळी त्यांना एकाएकी मुलांसाठी लिहिणाऱ्या एका रशियन कवीची ओळ आठवली. दलदलीतून पाणघोडा बाहेर ओढणे किती कठीण, अशा अर्थाची ती ओळ. झाले! पटावरचा घोडा बाजूला राहिला आणि हजारो प्रेक्षकांदेखत हा माजी जगज्जेता पाणघोड्याच्या विवंचनेत पडला. तरफा लावाव्यात काय, हेलिकॉप्टर आणावे काय, दोराची शिडी सोडावी काय, असे सगळे उपाय त्यांनी मनाशी करून पाहिले. एकही जमेना. शेवटी वैतागून त्यांनी पाणघोड्याला बुडू दिले. तो दृष्टीआड होताच पट पुन्हा साधा दिसू लागला. सगळे मोजून काढणे अशक्य आहे, पण घोडा देऊन पाहण्याजोगे आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी खेळी केली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले की, ताल यांनी चाळीस मिनिटे बारकाईने विचार करून अचूक गणित मांडलेले बलिदान केले.

ही हकीकत ताल यांनी सांगितली नसती, तर वर्तमानपत्राचे म्हणणेच इतिहास ठरले असते. डावाखालच्या टीपांत लिहिलेल्या खेळ्यांच्या मालिका वाचून खेळाडूच्या डोक्यात तेव्हा हेच चालले होते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्या मालिका डाव संपल्यानंतर, निवांतपणी, दिव्याखाली बसून शोधलेल्या असतात. त्यांत गैर काही नाही. मात्र पटासमोर काय दिसले आणि घरी काय सापडले, हे भाष्यकाराने वेगळे सांगावे. मल्लिनाथाचे पहिले बंधन येथे लागू पडते.

आता तर घरी शोधण्याचे कष्टही उरले नाहीत. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव यांना सहा डावांच्या सामन्यात हरविले, आणि त्यानंतरच्या काळात साध्या भ्रमणध्वनीवर चालणारे कार्यक्रमही जगज्जेत्यांहून बलवान झाले. जुन्या ग्रंथकारांच्या ठाम विधानांतील दोष शाळकरी मुलगा क्षणात दाखवू शकतो. यामुळे जुने भाष्यकार निकामी झाले असे पुष्कळांना वाटते. पण संगणक सांगतो तो एक आकडा: पांढरा इतका वरचढ, काळा इतका. मॉर्फीच्या आठव्या खेळीपाशी प्यादे घेण्याचा मोह का होतो, हे त्या आकड्यात नसते. उद्गारचिन्हाची आणि या आकड्याची जात एकच. आकडा बिनचूक असतो, एवढाच फरक. आपला हरलेला डाव संगणकापुढे टाकण्याआधी स्वतः त्यावर चार ओळी लिहून काढाव्यात, अशी शिस्त काही शिक्षक लावतात, ती याच विचाराने.

स्वतःच्या डावावर लिहिणे हे तर सर्वांत अवघड. तेथे लेखक स्वतःच वादी, स्वतःच साक्षीदार आणि न्यायाधीशही स्वतःच. बोट्विनिक हे व्यवसायाने विद्युत अभियंते होते आणि या बाबतीत त्यांची शिस्त कडक होती. खेळाडूने आपले पृथक्करण छापून प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह असे. कारण घरच्या वहीत चूक सुखाने झोपून राहते, छापली की कोणीतरी तिला उठवितो. त्यांचे एक पृथक्करण असेच फार दूरवर गेले.

1962 मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड झाले. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर जगज्जेते बोट्विनिक, वय एक्कावन्न. अमेरिकेच्या पहिल्या पटावर बॉबी फिशर, वय एकोणीस. हे दोघे आयुष्यात एकमेकांशी एकदाच खेळले, ते येथे. बोट्विनिक यांनी डावाची सुरुवात घरी तयार करून आणली होती. सतराव्या खेळीला फिशर यांच्या वजिराने एक प्यादे उचलले, आणि ती खेळी बोट्विनिक यांच्या तयारीत नव्हती. घरच्या पृथक्करणात आपल्या नजरेतून ती निसटली, हे त्यांनी पुढे भाष्य लिहिताना स्पष्ट नमूद केले. एका जगज्जेत्याने असे लिहावे, ही लहान गोष्ट नाही. डाव तहकूब झाला तेव्हा हत्ती आणि प्यादी उरली होती व फिशर यांचे एक प्यादे जास्त होते. सोव्हिएत संघातील सहकाऱ्यांनी रात्र जागून पृथक्करण केले; दुसऱ्या दिवशी डाव बरोबरीत सुटला.

पटावर तो संपला, कागदावर संपला नाही. फिशर यांचे साठ संस्मरणीय डावांचे पुस्तक 1969 मध्ये निघाले. त्या पुस्तकाची ख्याती अचूकपणाबद्दल आहे, आणि आणखी एका कारणासाठी ते लक्षात राहते: निवडलेल्या साठ डावांत नऊ बरोबरीचे आहेत आणि तीन चक्क पराभवाचे, ताल यांच्याशी 1959 मध्ये, स्पास्की यांच्याशी 1960 मध्ये व गेलर यांच्याशी 1967 मध्ये हरलेले. फिशर हे स्वभावाने कोणापुढे वाकणारे नव्हते. तरी पटावरील सत्याची त्यांना चाड होती. या पुस्तकात वार्ना येथील डाव आला. अंतिम अवस्थेत मी जिंकू शकत होतो, असे फिशर यांचे म्हणणे. अचूक खेळ झाला तरी बरोबरीच, असे बोट्विनिक यांचे. फिशर यांनी प्रतिपक्षाचे पृथक्करण आपल्याच पुस्तकात छापले आणि त्याखाली त्याला उत्तर दिले. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडून मग उत्तरपक्ष करावयाचा, ही आपल्या शास्त्रग्रंथांची रीत त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण केले त्यांनी तेच.

उत्तर सबळ होते. बोट्विनिक तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. हा वाद त्यांनी सोडून दिला असता तरी कोणी काही म्हटले नसते. त्यांनी तो आपल्या बुद्धिबळशाळेतील मुलांपुढे ठेवला. जगज्जेता राहिलेला गुरू आपलेच शंकास्पद ठरलेले पृथक्करण विद्यार्थ्यांना देतो आणि यात खरे काय ते शोधा म्हणतो, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मुलांनी पट मांडले. त्यांतील एका किशोरवयीन विद्यार्थ्याला काळ्याच्या विजयाची वाट अडविणारी एक नवी कल्पना सापडली, आणि डाव बरोबरीचाच होता असे दिसून आले. बोट्विनिक यांचा निष्कर्ष खरा ठरला. त्याचा पुरावा मात्र त्यांच्या स्वतःच्या टीपांत नव्हता, तो विद्यार्थ्याच्या वहीत निघाला.

तो विद्यार्थी म्हणजे गॅरी कास्पारोव. 1985 मध्ये ते जगज्जेते झाले. पुढे 2003 ते 2006 या काळात त्यांनी आपल्या पूर्वसूरींच्या डावांवर पाच खंडांचे भाष्य प्रसिद्ध केले. आणि ते खंड हातात पडताच जगभरच्या वाचकांनी पट मांडून, संगणक जोडून त्यांतील चुका शोधावयास आरंभ केला.